घासून सपाट केलेलं वेल्डिंग: एक येझदी, एक घरची गाडी आणि मी

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? बाइकवर असाल तर आधी बाजूला थांबा आणि मग ऐका. आजचा विषय बाइकचाच आहे, पण बाइक चालवत ऐकायचा नाही.

गेल्या दोन भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, तुम्ही घरी गाडी बांधली म्हणे, ती कशी बांधली? खर्च किती आला? पासिंग झालं का?" पासिंगचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच उत्सुकता नको. नाही झालं आणि होणारही नाही. तरी ती गाडी बांधल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्याआधी कापलेल्या बाइकचा. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी कोल्हापूरचा. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आयुष्यभर उद्यमनगरात टर्नर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उद्यमनगर म्हणजे गाळ्याला गाळा लागून असलेलं वर्कशॉपांचं गाव. एका गाळ्यात लेथ, शेजारी वेल्डिंग, पलीकडे कुणी गिअर कापतंय, कुणी फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं घासतंय. अण्णांकडे एक येझदी रोडकिंग होती, १९८९ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरवाली. जिचा गिअरचा दांडा वर उचलून मागे फिरवला की तोच किक होतो, ती. नव्या पोरांना हे सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही.

कंपनी १९९६ ला बंद झाली, पण अण्णांची येझदी बंद नाही पडली. सोळा-सतरा वर्षं त्यांनी एकट्यानं ती राखली. एखादा पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायचे.

२०१२ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला कॅफे रेसरचं वेड लागलं. कॅफे रेसर म्हणजे काय, तर १९५०-६० च्या दशकात लंडनमध्ये पोरं रात्री कॅफेवर जमायची. एस कॅफे हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण. आपल्या साध्या बाइकवरचं नको ते सगळं काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट एकट्यापुरती करायची आणि पळवायची. काही जण तर नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवायचे आणि त्याला ट्रायटन म्हणायचे. फोटो बघितले आणि म्हटलं, आपली येझदी अशीच करायची.

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "इंजिनाला हात लावायचा असेल तर माझ्यासमोर लाव." फ्रेमबद्दल मी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, पोरगं रंग बदलणार, सीट बदलणार.

आता लक्ष देऊन ऐका, कारण मी केलेल्या चुका आजही रोज रील्समध्ये दिसतात. फक्त लोक त्यांना चुका म्हणत नाहीत.

पहिली चूक एअर फिल्टरची. मूळ फिल्टरचा डबा काढला आणि बाहेर दिसणारा गोल फिल्टर लावला. दिसायला एकदम भारी. पण त्यानं हवा जास्त आत येते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, की मिश्रण पातळ होतं, म्हणजे लीन. लीन मिश्रणावर इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं. मी कार्ब्युरेटरचा मेन जेट बदललाच नव्हता. कागलच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक जागेवर लॉक झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. प्लग काढून बघितला असता तर आधीच कळलं असतं. प्लगचं टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर ठीक. काळंकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं पडलं असेल तर समजायचं की इंजिन तहानलेलं आहे.

अण्णांनी सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला, जेट बदलला. बोलले काही नाहीत.

दुसरी चूक मोठी होती. कॅफे रेसरची सीट आखूड असते, म्हणून फ्रेमचा मागचा भाग मी ग्राइंडरनं कापला. त्या जागी गोलाकार वाकवलेला पाइप जोडला. मित्राचं वेल्डिंग मशीन होतं, रॉडचं. वेल्डिंग मला येत होतं असं मला वाटायचं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन पट्ट्या जोडल्या होत्या, तेवढंच. पाइपाचं टोक पाइपाच्या टोकाला लावलं, भोवती वेल्डिंग फिरवलं, पोपडा काढला. वेल्डिंग दिसायला वेडंवाकडं होतं. मग काय केलं? ग्राइंडरनं घासून सपाट केलं. वर पुट्टी, वर प्रायमर, वर काळा रंग. जोड कुठं आहे ते सापडणारच नाही असं काम. फेसबुकवर फोटो टाकले. दोनशेच्या वर लाइक आले. त्या काळात ते लई होतं.

त्या सीटवर मागं बसायची सोय नव्हती, पण दोघं दाटीवाटीनं बसू शकायचे. ऑगस्ट महिना होता, पाऊस, रस्त्याची चाळण झालेली. धाकट्या बहिणीला कॉलेजला सोडायला निघालो. रंकाळ्याच्या पुढं एक खड्डा पाण्यानं भरलेला होता, दिसला नाही. वेग फार तर तीसचा असेल. मागचं चाक खड्ड्यात गेलं, वर आलं आणि सीटच खाली बसली. पाइप जोडावर तुटला होता. सीट टायरवर घासली, गाडी हेलपाटली, बहीण मागच्या मागं पडली. तिनं हात टेकला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

डोक्याला लागलं नाही, हे नशीब. हेल्मेट दोघांनाही नव्हतं.

इन्शुरन्सवाल्यांनी फोटो बघितले आणि विचारलं, ही फ्रेम कंपनीची आहे का? मी गप्प बसलो. क्लेम गेला. त्यांची चूक नव्हती. आम्ही त्यांना ज्या गाडीचे पैसे भरले होते, ती गाडी आता अस्तित्वातच नव्हती.

बहिणीच्या हातात रॉड घातला, महिनाभरानं प्लास्टर निघालं. आजसुद्धा स्कूटरचा ॲक्सिलरेटर सतत फिरवला की तिचं मनगट दुखतं. ती मला हे कधी बोलून दाखवत नाही. मला मात्र ती स्कूटर काढताना दिसतंच.

अण्णांनी घरी आल्यावर आरडाओरडा केला नाही. त्यांनी तो तुटलेला जोड एक्सॉ ब्लेडनं उभा चिरला आणि मला दाखवला. आतून पाइपाचं टोक जसंच्या तसं होतं, कापल्याच्या खुणांसकट. वेल्डिंग आत गेलंच नव्हतं. वरवर गुळाचा लेप द्यावा तसं बसलं होतं, आणि जे थोडंफार होतं तेही मी घासून काढलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "तू जोड लपवलास. केला नाहीस." तो चिरलेला तुकडा त्यांनी आमच्या घरामागच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवला. अजून तिथंच आहे.

पुढच्या रविवारपासून त्यांनी मला उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर पाठवायला सुरुवात केली. तिथले मिस्त्रीमामा अण्णांचे जुने दोस्त. जवळपास वर्षभर दर रविवारी मी तिथं होतो. पहिले दोन महिने मामांनी मला फक्त भंगारातले तुकडे जोडायला दिले. जोडला की व्हाइसमध्ये पकडायचा आणि घण मारायचा. वेल्डिंग तुटलं तर नापास. वेल्डिंग शाबूत राहून शेजारचं लोखंड वाकलं तर पास. ही परीक्षा तुम्हीही करू शकता, हिला पैसे पडत नाहीत. मी पहिले चाळीसेक तुकडे नापास झालो.

पाइपाला पाइप कसा जोडायचा, तेही तिथंच कळलं. आत घट्ट बसणारा गुल्ला घालायचा, म्हणजे आतल्या मापाचा नळीचा किंवा सळईचा तुकडा. बाहेरच्या पाइपाला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून तिथूनही वेल्डिंग भरायचं, आणि मग भोवतीचा जोड. आणि घासायचं नाही. मामा म्हणायचे, "वेल्डिंगला लाज कशाची? उघडं राहू दे."

हे झालं बाइकचं. आता चारचाकीकडे येतो.

किट कार हा प्रकार मुळात इंग्लंडचा. म्हणजे गाडीचे भाग खोक्यांमध्ये येतात आणि तुम्ही घरच्या गॅरेजमध्ये ती जोडता. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणानं १९४८ मध्ये उत्तर लंडनमध्ये प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बनवली. पुढं त्यातूनच लोटस कंपनी उभी राहिली. १९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. दोन सीट, दारं नाहीत, छप्पर असून नसल्यासारखं. ती किट म्हणूनही मिळायची, कारण तयार गाडीवर लागणारा पर्चेस टॅक्स किटवर लागत नव्हता. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती गाडी आजही बनते.

मग १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाचं एक पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याचं नावच होतं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि घरी वेल्डिंग केलेली चौकोनी पाइपांची चासी, असा तो मार्ग. त्या प्रकारच्या गाड्यांना लोकॉस्ट म्हणतात.

आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचं आहे असं समजू नका. आपल्या अलिबागजवळ, कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्याच घाटाची रोडस्टर बनवली होती. फायबरची बॉडी आणि आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, जे आपल्या अँबॅसडरमध्येही यायचं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी घरी बसलो होतो. अण्णा रिटायर झाले होते आणि दोघांनाही करमत नव्हतं. एका संध्याकाळी मी लोकॉस्टचे फोटो दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन कुठलं?" म्हटलं, तेच तर शोधतोय.

सेव्हनसाठी इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना, अशी मांडणी लागते. मारुती ८०० उपयोगाची नाही, तिचं इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. पण ओम्नी! ओम्नीचं इंजिन उभ्या मांडणीचं, मागं प्रॉपेलर शाफ्ट, मागं सरळ ॲक्सल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पस्तीसेक हॉर्सपॉवर. तुम्ही हसाल. पण १९५७ च्या पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं इंजिन होतं आणि त्याची ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर होती. सेव्हनची सगळी गंमत ताकदीत नाही, वजन नसण्यात आहे.

रीतसर रद्द झालेल्या एका ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल आणि स्टिअरिंग आम्ही भंगारातून बिल करून घेतलं. आरसी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. हे तुम्हीही करा. स्वस्त इंजिन कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या गाडीचं असू शकतं, आणि नंबर लोखंडावर कोरलेला असतो.

चासीला २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा. आता तुम्ही विचाराल की एवढ्या बारीक पाइपावर गाडी कशी उभी राहते? एक प्रयोग करा. चार काड्यांची चौकट करा, कोपऱ्यात टाचण्या टोचा आणि ढकला. ती लगेच तिरकी होईल. आता एक काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात लावा. हलणार नाही. सगळी चासी म्हणजे अशा त्रिकोणांचा पिंजरा. पाइपाला वाकवणारा जोर येऊच द्यायचा नाही, फक्त ओढणारा किंवा दाबणारा येऊ द्यायचा. लोखंड त्यात लई ताकदवान असतं.

सगळ्यात जास्त वेळ वेल्डिंगला नाही, मापाला गेला. आधी सपाट टेबल केलं आणि पाणसळ लावून लेव्हल केलं. त्यावर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढलं. पाइप कापायचा, गुण्या लावायचा, टॅक मारायचा. आख्खी चासी फक्त टॅकवर उभी केली. मग कर्ण मापले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे आले तर चासी काटकोनात. आमच्यात सहा मिलिमीटरचा फरक आला. मी म्हटलं, चालतंय की. अण्णांनी खिळ्यावरच्या त्या तुकड्याकडे बघितलं. मी ग्राइंडर उचलला आणि टॅक तोडायला लागलो.

पूर्ण वेल्डिंग सीओटूवर केलं. एका बाजूचा जोड केला की पुढचा लांबच्या, समोरच्या कोपऱ्यातला. एकाच बाजूनं करत गेलं तर उष्णतेनं लोखंड ओढलं जातं आणि चासी केळीसारखी वाकते.

वर्कशॉपच्या चार गोष्टी इथंच सांगतो. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, डिस्क फुटली तर ती तोंडावर येते. काच न लावता वेल्डिंगकडे बघायचं नाही, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं आणि झोप लागत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच वेल्ड करायचा नाही, त्या धुरानं थंडीताप भरतो. आणि पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, वेल्डिंगजवळ न्यायची नाही. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं पण वाफ असते, आणि स्फोट वाफेचा होतो.

ओम्नीचा प्रॉपेलर शाफ्ट आमच्या चासीला लांब पडत होता. तो घरी कापला नाही. शाफ्टचंच काम करणाऱ्या गाळ्यावर दिला, त्यांनी कापून, जोडून, बॅलन्स करून दिला. घरच्या वर्कशॉपचा एक नियम आम्ही केला होता. जे काम तपासता येत नाही, ते घरी करायचं नाही.

दीड वर्ष गेलं. इंजिन बसलं. मला किल्ली फिरवायची घाई झालेली. अण्णा म्हणाले, "आधी ब्रेक." सीटवर बसले आणि दोन्ही हातांनी चासी धरून पेडल पूर्ण ताकदीनं दाबलं. मी पुढं बसून बघत होतो. पेडल ज्या पत्र्याला लावलं होतं तो पत्रा बोटभर वाकला. म्हणजे आणीबाणीत मी जेवढा जोर लावला असता, त्यातला निम्मा पत्रा वाकवण्यातच गेला असता. इंजिन सुरू करायच्या आधी ते सापडलं. आम्ही मागून आडवा पाइप टाकून बॉक्स केला आणि त्यात आणखी तीन आठवडे गेले.

२०२२ च्या मार्चमध्ये ऊस तोडून रिकामं झालेलं चुलत्यांचं रान होतं, तिथं ट्रॉलीवर घालून गाडी नेली. पहिल्यांदा चालवली ती अण्णांनी. बॉनेट नव्हतं, रंग नव्हता, सगळी वेल्डिंगं उघडी. सेकंड गिअरमध्ये रानाला तीन चकरा मारून थांबले. उतरले आणि म्हणाले, "डावीकडं ओढतीय." दुसरं काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता उठून टो-इनचं माप घेत बसले होते.

आता कायद्याचं बोलू, कारण खरी अडचण तिथंच झाली.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी जीपसारखी छोटी गाडी देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्या बदल्यात नवी बोलेरो दिली. ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्यांनी त्याच वेळी हेही म्हटलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल. ते कुणाच्या लक्षात नाही.

आपल्याकडे रस्त्यावर यायचं तर गाडीच्या नमुन्याला मान्यता लागते. पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था ती चाचणी करतात. ही व्यवस्था गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, घरामागं एक गाडी करणाऱ्यासाठी नाही. इंग्लंडमध्ये एकट्या गाडीची तपासणी होते, ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर, आवाज, अगदी बाहेरच्या कडा धारदार आहेत का इथपर्यंत. पास झाली की नंबर मिळतो. म्हणजे तिथंही जुगाड चालत नाही, पण तपासून घ्यायला दार आहे. आपल्याकडे असं दार असावं असं मला मनापासून वाटतं. पण ते होत नाही तोवर आमची गाडी रानाबाहेर येत नाही.

बाइकचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळं होईल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड वाढला, दर बदलामागं ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदललात तरी आरटीओत नोंद करावी लागते.

तर झालं काय, त्या वर्षी मे महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं. वरातीत नवरदेव आपल्या घरच्या गाडीतून, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ज्यांच्या रानात गाडी चालवली, त्याच काकांच्या घरचं लग्न. फक्त दीड किलोमीटर, गावातला रस्ता, चालीच्या वेगानं. मी नाही म्हटलं. काका म्हणाले, "आमचं रान चालतं, आणि आमची वरात चालत नाही?" भावकीतले चार लोक समजवायला आले. एक जण म्हणाला, पोलीस आपलेच आहेत.

खरं सांगतो, मी डळमळलो होतो. गाडी चांगली होती. वेग दहाचा असणार होता. काय होणार होतं? पण वरातीत पोरं नाचतात, कुणीही समोर येतं, बॉनेटवर बसतं. आणि त्या गाडीला इन्शुरन्स नाही. कुणाच्या पायावरून चाक गेलं असतं तर मी काय दाखवणार होतो? फोटोंचे लाइक?

बहीण तिथंच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "काका, गेल्या वेळी वेग तीसचा होता." आणि चहा ओतायला लागली, डाव्या हातानं. पुढं कुणी काही बोललं नाही.

वरात घोड्यावरून गेली. काका अजून माझ्याशी तुटक बोलतात. गाडी आता आमच्या शेडमध्ये असते, त्यांच्या रानात मी मागायला जात नाही. एका मित्राच्या माळावर महिन्या-दोन महिन्यांनी नेतो, ट्रॉलीवर घालून. हे नुकसान आहे, आणि ते मला सलतं. पण मला तेच परत विचारलं तर मी परत नाहीच म्हणेन.

मग ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो.

एक. बाइकवर काम करायचं तर बोल्टनं लागेल आणि बोल्टनं निघेल, तेवढंच करा, आणि तेही नियमात बसणारं. मूळ फ्रेमला ग्राइंडर लावू नका. आणि जुनी गाडी मूळ रूपात परत आणणं हे कस्टमपेक्षा सोपं काम नाही, करून बघा. अण्णांची येझदी आम्ही दुसऱ्या एका रोडकिंगचा खरा मागचा भाग शोधून, मिस्त्रीमामांकडून जिगवर बसवून पुन्हा मूळ मापाची केली. त्याला तीन वर्षं लागली. ती आज रस्त्यावर आहे.

दोन. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या टीममध्ये जा. बाजा एसएईइंडिया २००७ पासून चालू आहे, त्यात पोरं स्वतः रोल केज बांधतात, स्वतः गाडी करतात. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धा आहेत. तिथं गाडी ट्रॅकवर सोडायच्या आधी तपासनीस प्रत्येक जोड बघतो. चूक सापडली तर गाडी बाहेर, माणूस नाही.

तीन. इंजिनिअरिंगला नसाल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. किंवा जवळच्या गाळ्यावर जा, मामांना चहा पाजा आणि भंगारातले तुकडे मागा. कुणी नाही म्हणत नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याला शिकवायला आवडतं.

आणि बाइक विकत घेताना, किंवा कुणी हौसेनं केलेल्या बाइकच्या मागं बसताना, एक करा. सीटखाली वाका आणि जोड शोधा. वेल्डिंगची माळ दिसत असेल तर निदान बघता तरी येतं. जिथं जोड असायला हवा आणि काहीच दिसत नाही, सगळं गुळगुळीत, चकचकीत, तिथं विचारा. विचारायला लाजू नका. माझ्या बहिणीनं विचारलं नव्हतं, कारण गाडी भावाची होती.

एवढंच होतं आज. पुढच्या भागात कार्ब्युरेटर उघडून साफ कसा करायचा ते सांगणार आहे, अण्णा स्वतः येणार आहेत. त्यांना माइकसमोर बोलायची सवय नाही, तेव्हा ते कमी बोलतील आणि मी जास्त बोलेन, नेहमीसारखंच. तुमचे प्रश्न पाठवा, फोटो पाठवा. फोटो चकचकीत नको, जोडाचे पाठवा.

चला, भेटू. हेल्मेट घाला. मागं बसणाऱ्यालाही द्या.